जलद जोडणीतला द

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच समज. कंबरेने महिन्यापूर्वी राजीनामा दिला आहे.) तुझा गुडघा कसा आहे? दाजी अजून रोज सकाळी फिरायला जातात, की फिरायला जातो असं सांगून कोपऱ्यावरच्या बाकावर बसतात? इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. वि. वि. म्हणजे 'विनंती विशेष', आणि विनंती खरोखरच आहे, पण आधी सगळी हकिगत सांगितल्याशिवाय ती करणं मला अप्रामाणिक वाटतं. म्हणून ती शेवटी.

मुख्य बातमी आधी सांगतो, म्हणजे तुझा जीव टांगणीला लागायला नको. आमच्या गल्लीत महापालिकेची इंटरनेटची लाइन आली. तुझी भावजय आता इथेच राहील. मागच्या पत्रात मी तुझी मागची खोली मागितली होती, ती तिच्यासाठी. तिचं काम तुला माहीतच आहे. बहिरी माणसं दवाखान्यात डॉक्टरांसमोर बसतात, ही घरी बसून पडद्यावर त्यांचे हात वाचते आणि डॉक्टरांना बोलून सांगते, मग डॉक्टरांचं बोलणं हातांनी त्यांना सांगते. शहराच्या सहा टोकांना सहा दवाखाने, म्हणून हे पडद्यावरूनच करावं लागतं. आणि आमच्या घरी पडदा दर पाच मिनिटांनी गोठायचा. तुमच्या शहरात महापालिकेने स्वतःची लाइन घरोघर नेली आहे, तिथल्या दुभाष्यांच्या केंद्राने तिला नोकरी देऊ केली. माझा छापखाना इथे. म्हणजे ती तिकडे, मी इकडे, मधे रात्रभराचा प्रवास. वीस वर्षांच्या संसारात आम्ही आठ दिवसांपेक्षा जास्त वेगळे राहिलेलो नाही. (डायरीत पाहिलं. नऊ. पण त्यातला एक दिवस प्रवासाचा होता.)

तर अर्जाची गोष्ट. महापालिकेने जाहीर केलं की ज्या भागातून जास्त अर्ज येतील तिथे आधी लाइन टाकण्याचा विचार होईल. सोसायटीचा चिटणीस मी, त्यात धंद्याने मुद्रितशोधक, तेव्हा मजकूर माझ्याकडेच आला. पहिली अडचण अशी की ब्रॉडबँड हा शब्द शेजारच्या सोसायटीच्या एकाच अर्जात चार तऱ्हांनी लिहिलेला होता. मला ते सहन झालं नाही. (ही माझ्यातली विद्वत्ता की नुसती खोड, याचा मी अलीकडे बराच विचार करतो.) मी सरळ लिहिलं, 'विषय: जलद जोडणी मिळणेबाबत.' झेरॉक्सवाल्याने टाइप करून दिलं, त्यात 'जलदद जोडणी' असं आलं. मी सवयीने एका द वर छापखान्यातली काट मारून कागद परत दिला. ती खूण आमच्या धंद्यात 'हे एक अक्षर काढा' अशी असते. झेरॉक्सवाल्याला ती 'हे जे काय आहे ते सगळं काढा' अशी वाटली. त्याने दोन्ही द काढले. आणि मी, जो शाळेच्या पुस्तकांत अनुस्वारासाठी लेखकांशी भांडतो, तो दुरुस्त प्रत न पाहता घरी आलो, कारण एकदा नीट तपासलं होतं. एकशे चाळीस घरांनी सह्या केल्या. एकानेही विषय वाचला नाही. 'जल जोडणी मिळणेबाबत.'

पंधरा दिवसांनी सकाळी दारात पाणीखात्याचे अभियंता उभे. बुटांना चिखल, हातात आमच्या अर्जांचा गठ्ठा, चेहरा चौकशीचा. नळाला पाणी येतं का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, येतं. पुरेसं? भरपूर. ''मग एकशे चाळीस घरांना दुसरा नळ कशाला हवाय, काका? शेती करताय का गच्चीत?'' मी अर्ज घेतला, विषय वाचला, आणि मला खुर्चीत बसावं लागलं. त्यांना वाटलं पकडला गेलो. त्यांनी स्वतःच स्वयंपाकघरात जाऊन मला पाणी आणून दिलं, आणि आणता आणता दाब किती आहे तेही पाहून घेतलं.

मी खुलासा करतोय तोच आतून तुझी भावजय म्हणाली, ''जरा हळू बोला, सुतारकाका पडद्यावर आलेत.'' हे सुतारकाका तिचे जुने पेशंट, जन्मापासून बहिरे, पोटात दुखतं म्हणून दवाखान्यात बसलेले. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? काकांनी दोन बोटं वर केली, आणि चित्र गोठलं. दोन दिवस, दोन आठवडे की दोन महिने, ते पुढच्या हालचालीत होतं, आणि ती हालचाल वाटेत कुठेतरी अडकलेली. आवाज तुटला तर माणूस अंदाजाने जोडतो. हात तुटला की काहीच उरत नाही. डॉक्टर म्हणत होते, अंदाजे सांगा. ही म्हणत होती, अंदाजे सांगणार नाही. आम्हीही आत गेलो, आणि तीन मिनिटं आम्ही तिघं पडद्यावरच्या त्या दोन बोटांकडे पाहत उभे होतो, त्यातले पाणीखात्याचे साहेब तर रिकामा पेला हातात धरून. मग चित्र हललं. दोन महिने. डॉक्टरांचा आवाज एकदम बदलला आणि त्यांनी काकांना त्याच दिवशी दाखल करून घेतलं. (काका आता बरे आहेत. हे आधीच लिहायला हवं होतं.)

साहेबांनी पेला खाली ठेवला. ''प्रेशर नाही तुमच्याकडे,'' ते म्हणाले. मग ते खाली बसले आणि मला त्यांच्या भाषेत समजावून सांगू लागले, की मूळ पाइप बारीक, आपण शेवटच्या टोकाला, आणि वरच्या सगळ्यांनी एकाच वेळी नळ सोडलेले. मी म्हटलं, दोन खासगी कंपन्या आहेत, पण रस्त्यापलीकडे उंच कचेऱ्या आहेत तिथवरच चांगली तार नेतात. आमच्या बाजूचं विचारलं तर म्हणतात, परवडत नाही. ''आम्ही असं म्हणालो तर?'' साहेब म्हणाले. ''टोकाच्या घराला पाणी परवडत नाही म्हणून? लोक खात्यात घुसून मारतील, आणि बरोबर करतील.'' मग बुटाच्या टोकाने त्यांनी फरशीवर एक रेघ ओढली (ती पुसायला नंतर मला दोन वेळा फडकं फिरवावं लागलं) आणि सांगितलं की आमची गल्ली तशीही खणायची आहे, जुना पाण्याचा पाइप बदलायला. खड्ड्याचा खर्च मोठा, त्यात शेजारी तुमच्या तारेसाठी एक पोकळ नळी टाकायला फारसं काही लागत नाही. आज टाकली नाही तर पुढच्या वर्षी तोच रस्ता पुन्हा फोडायचा. मी विचारलं, मग अर्ज योग्य खात्याकडे पाठवता का? ते माझ्याकडे दयेने पाहत राहिले. ''तिकडे गेला तर तुमची नातवंडं येतील उत्तर घ्यायला. जल जोडणीच राहू दे. मी खाली एक ओळ वाढवतो.''

ती ओळ महापालिकेच्या सभेत गेली आणि आम्ही दोघं गॅलरीत जाऊन बसलो. एक सभासद उठले आणि म्हणाले की महापालिकेने रस्ते झाडावेत, लोकांना घरबसल्या सिनेमे दाखवू नयेत, त्यासाठी कंपन्या आहेत. बाकं वाजली. मला मान्य करायला हवं की मलाही क्षणभर ते पटलं. (कुणीही ठामपणे बोललं की मला पटतं, हा माझा जुना दोष.) पण त्याहून मोठी टोचणी वेगळीच होती. हा सगळा विषय एका गळलेल्या अक्षरावर उभा आहे, हे सभागृहाला सांगितल्याशिवाय मंजुरी मिळाली तर ती फसवणूक होईल, असं मला वाटलं. मी उठलो आणि द ची हकिगत सांगायला सुरुवात केली. दुसऱ्या वाक्याला अध्यक्षबाई म्हणाल्या, ''काका, बसा.'' सेहेचाळिसाव्या वर्षी सार्वजनिक ठिकाणी काका. साहेबही तेच म्हणाले होते, पण ते घरात होतं.

मी बसलो तशी तुझी भावजय उठली. ती बोललीच नाही. तिने दोन बोटं वर केली आणि तशीच उभी राहिली. सभागृह आधी हसलं, मग कुजबुजलं. कुणी म्हणालं, दोन मागण्या असतील. कुणी म्हणालं, बाईंना दोन मिनिटं बोलायचंय. सिनेमावाले सभासद म्हणाले, कुठल्या तरी पक्षाची खूण दिसते. मिनिटभराने तिने हात पुढे नेऊन खूण पूर्ण केली आणि म्हणाली, ''दोन महिन्यांचं दुखणं. तुमच्यापैकी एकालाही कळलं नाही, आणि माणूस तुमच्यासमोर उभा होता. डॉक्टरांनी किती दिवसांचं औषध द्यायचं होतं?'' मग पाणीखात्याचे साहेब उठून खड्ड्याबद्दल बोलले. सभागृहाला बोटं समजली की खड्डा समजला ते मला सांगता येणार नाही, पण ठराव मंजूर झाला. सिनेमावाल्यांनी हात वर केला नाही, पण खालीही ठेवला नाही, डोकं खाजवत राहिले.

काल लाइन सुरू झाली. पहिला फोन सुतारकाकांचा, तपासणीनंतरचा. चित्र इतकं स्वच्छ की काकांच्या नखातला रंध्याचा भुसा दिसत होता. त्यांनी एका दमात बरंच काही सांगितलं आणि ही हसायला लागली. मी विचारलं, काय म्हणतात? तर म्हणे, ''तुमच्या मागे दोरीवर बनियन वाळतोय, त्याला काखेत भोक आहे.'' ताई, इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. बनियन माझा होता.

दाजींना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. आता विनंती. तुमच्या शहरातल्या केंद्राला उत्तर द्यायची मुदत या महिनाअखेरची आहे. तू जाऊन गोड शब्दांत सांगशील का, की ती येणार नाही? मीच लिहिलं असतं, पण सध्या माझा माझ्या लेखी मजकुरावर विश्वास राहिलेला नाही.

पुन्हा ता. क. हे पत्र तिला तपासायला दिलं. तिने दोन चुका काढल्या आणि सहज सांगितलं की केंद्राला नकार तिने दोन महिन्यांपूर्वीच कळवला आहे, सभेच्या कितीतरी आधी. मी विचारलं, मग लाइन आलीच नसती तर? म्हणाली, ''तर तू आणखी एक अर्ज लिहिला असतास, आणि या वेळी मी तपासला असता.'' तुलाही तिने तेव्हाच फोन करून सांगितलं होतं म्हणे. तेव्हा वरची विनंती रद्द समज. त्याऐवजी एवढंच कर, की तुम्हा दोघींचं माझ्याबद्दल काही ठरलं की मलाही कळवत जा.