डाव्या कानाकडची खुर्ची

कंपनीचं ऑफिस, गोदामाच्या वर
३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघा बरा आहे हे वाचून हायसं वाटलं. गुडघ्याला तू आपल्या कंपनीचं मलम सोडून शेजारणीचं तेल चोळतेस, हे मी बाबांना सांगणार नाही. आणि फोन कर असंही आता म्हणणार नाही. जन्मभर नाटकाच्या पडद्यामागे बसून नटांना त्यांची वाक्यं कुजबुजून सांगितलीस, ती सवय फोनवरही सुटत नाही. परवा मी बराच वेळ नुसता वारा ऐकत होते. त्यापेक्षा पत्र बरं.

आता कामाचं. मोठ्या हॉस्पिटलवाल्यांना त्यांच्या सगळ्या शाखांसाठी आपलं खोकल्याचं औषध हवं आहे. ही ऑर्डर मिळाली तर आपण तरलो. नाही मिळाली, तर ती बडी कंपनी आपल्याला गिळायला टपलेलीच आहे. बाबा म्हणतात की मग तिच्या हातात किल्ल्या देऊन मोकळं व्हायचं. पण हॉस्पिटलवाल्यांना औषधाच्या आधी आपले संचालक तपासायचे आहेत! प्रत्येकाचं शिक्षण काय, अनुभव काय, या धंद्यात कसे आलात, असं पानभर लिहून हवं. महिनाअखेरीला त्यांची समिती येऊन प्रत्यक्ष बोलणार आहे.

ते लिहायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. बाबांचं सोपं आहे. ते औषधं बनवायचं रीतसर शिकलेले. पण पुढे गाडी अडली. शिट्टीकाकांना विचारलं, तर ते म्हणाले की लिही, तलावावर पोहायला शिकवतो. जादूगारमामांना विचारलं, तर त्यांनी माझ्या कानामागून एक पेन काढून दिलं. ते माझंच होतं. ही माणसं औषध कंपनीच्या बोर्डावर आली कशी, आत्या? आणि तू तरी कशी? तुझ्याइतकं जुनं कुणालाच आठवत नाही, म्हणून तुलाच विचारते.

गुडघ्याला जप. लोभ आहेच, तो दिवसातून तीनदा जेवणानंतर वाढत जावा.

तुझी
चिंगी


घर, मागची खोली
७ फेब्रुवारी

चि. चिंगीस,
अ. उ. आ.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, तेव्हा खरं ते सांगते. कंपनी काढायची ठरली त्या दिवशी वकील घरी आले होते. संचालक म्हणून चौघं तरी दाखवा, असं ते म्हणाले. तुझ्या बापाने मान वळवून घरात कोण कोण आहे ते पाहिलं, आणि झालं संचालक मंडळ.

तुझे शिट्टीकाका ओला टॉवेल वाळत घालायला गच्चीवर चालले होते. त्यांना जिन्यातच थांबवून सही घेतली. सहीवर पाण्याचा डाग पडला, तो अजून आहे. तुझा मामा कोचाखाली पालथा पडून प्रयोगातलं कबूतर शोधत होता. त्याने तसंच पडल्या पडल्या सही केली आणि हे कशाचं आहे ते आजतागायत विचारलेलं नाही. मी स्वयंपाकघरात पातेलं घासत होते. त्या पातेल्याची वेगळीच गोष्ट आहे, ती तुझ्या बापाला विचार.

माझी पार्श्वभूमी एका ओळीत मावते. मी प्रॉम्प्टर होते. नट अडला की अंधारातून पुढचं वाक्य द्यायचं, त्याला ऐकू जाईल आणि प्रेक्षकाला जाणार नाही इतपतच. कंपनीतही मी तेच करते. तुला माहीत नसेल म्हणून सांगते, तुझा बाप चार माणसांपुढे उभा राहिला की तीन वाक्यं खणखणीत बोलतो आणि चौथ्याला त्याची दातखीळ बसते. शाळेत कविता म्हणताना तो असाच थिजला, तेव्हा मी बाकाखाली शिरून त्याला पुढची ओळ दिली होती. तेव्हापासून माझी जागा त्याच्या डाव्या कानाशी. बोर्डाच्या बैठकीत माझी खुर्ची तिथे का असते ते आता कळलं ना? उजव्या कानाने तो लोकांचं ऐकतो.

हे सगळं आहे तसं लिही. सोंग घेतलं की संवाद पाठ करावे लागतात, आणि तुझ्या काका-मामांना ते जमायचं नाही हे मी पडद्यामागून पैजेवर सांगेन. समितीच्या दिवशी मी आदल्या रात्रीच येते.

बापाला सांग, धीर धर. माझा तुम्हा सगळ्यांवर आहे तो लोभ न विचारताही कायम आहे.

तुझी
आत्या


ऑफिस
१५ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र लिहायला बाबा बसले होते. तीन वाक्यं लिहून उठले, म्हणून मी लिहिते आहे. वाचून झाल्यावर माझ्यावर रागावू नकोस.

बाबांनी एक सल्लागार आणला. त्याचे बूट इतके चकचकीत आहेत की बोलताना माणूस स्वतःचंच तोंड बघत राहतो. मी लिहिलेली पानं वाचून त्याने डोळे मिटून घेतले आणि सगळं नव्याने लिहिलं. शिट्टीकाका आता श्वसनसंस्थेच्या बळकटीकरणातले दीर्घ अनुभवी मार्गदर्शक आहेत. जादूगारमामा सूक्ष्म व अदृश्य घटकांच्या हाताळणीतले तज्ज्ञ आहेत. मामांनी ते दोनदा वाचलं आणि हा माणूस कोण, फार हुशार दिसतो, असं विचारलं.

तुझ्यापाशी मात्र सल्लागाराची लेखणी अडली. पडद्याआडून अध्यक्षांना वाक्यं पुरवते असं कुठल्याही शब्दांत लिहिलं, तरी कंपनी दुसरंच कुणी चालवतंय असा वास येतो म्हणे. तेव्हा समितीपुरते, म्हणजे तूर्त, तुझ्या जागी एक निवृत्त प्राध्यापक घ्यावेत असं त्याने सुचवलं. त्यांच्या नावापुढे इतक्या पदव्या आहेत की पाकिटावर पत्त्याला जागा उरत नाही. बाबा नाही म्हणाले नाहीत. मला फार वाईट वाटलं, आत्या, पण मीही नाही म्हणाले नाही. किल्ल्या देण्याची वेळ येईल अशी भीती सगळ्यांच्याच पोटात आहे.

लोभ असू दे, असं आज कुठल्या तोंडाने लिहू? तरी लिहिते.

तुझी
चिंगी


घर
१८ फेब्रुवारी

मा. अध्यक्ष महोदय यांस,
सा. न. वि. वि.

सोबत संचालकपदाचा राजीनामा जोडला आहे. मी रागावलेली नाही. कानामागून आला आणि तिखट झाला, ही म्हण आता कानाजवळ बसणाऱ्या प्राध्यापकांना लागू होते एवढंच नमूद करते. तुम्ही सारे सुखी असा. मलाही आता बैठकांसाठी प्रवास करावा लागणार नाही, गुडघ्याला बरंच झालं.

कपाटातली माझी उशी परत पाठवावी. ती खुर्चीला लावायची असली तरी माझी आहे, कंपनीची नाही.

लोभाबद्दल काय ते मंडळाने ठराव करून कळवावे.

आपली नम्र
माजी संचालिका

ता. क. त्या खुर्चीचा मागचा डावा पाय लुळा आहे. रेलून बसू नये. हे प्राध्यापकांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.


ऑफिस
२७ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

राग धरून का होईना, पण हे पत्र शेवटपर्यंत वाच. काल समिती येऊन गेली.

तिघं होते. मुख्य एक डॉक्टरबाई, करड्या आवाजाच्या आणि त्याहून करड्या नजरेच्या. त्यात त्यांना भयंकर खोकला. बाबांनी आल्या आल्या त्यांना आपलं औषध दोन चमचे दिलं. तेवढंच त्या दिवशी सुरळीत झालं.

सुरुवात काकांपासून झाली. श्वसनसंस्था तुम्ही कशी बळकट करता, असं बाईंनी विचारलं. काकांना दुसरं काय येतं? त्यांनी सगळ्यांना उभं केलं, श्वास रोखायला लावला आणि मी शिट्टी देईपर्यंत सोडायचा नाही असं बजावलं. मग शिट्टी कुठल्या खिशात आहे ते शोधू लागले. समितीतला हिशेबनीस जांभळा पडला, आत्या! मी त्याच्या पाठीत धपका घातला तेव्हा कुठे त्याने श्वास सोडला.

मग मामा. अदृश्य घटक म्हणजे नक्की काय, असं विचारल्यावर त्यांनी टेबलावरची औषधाची बाटली रुमालाखाली झाकली आणि नाहीशी केली. हे उत्तम झालं. पण परत आणता येईना. शेवटी ती बाईंच्या पर्समध्ये सापडली, झाकणाशिवाय. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच असावं.

प्राध्यापक बाजू सावरायला उठले आणि त्यांनी औषधांचा इतिहास सुरू केला. मुळापासून. तासभर गेला तरी माणूस अजून गुहेतच होता. हिशेबनीस झोपला. त्याच्या शेजारचे गृहस्थ झोपले. काकांना तर शिट्टी एव्हाना सापडली होती आणि ती तोंडात धरूनच त्यांना डुलकी लागली, त्यामुळे दर श्वासाला बारीक शिट्टी वाजत होती. मामांच्या बाहीतून घुमण्याचा आवाज यायला लागला; मामा झोपले होते, कबूतर जागं होतं. शेवटी प्राध्यापक समाधानाने खाली बसले आणि रेलले. पुढचं तू जाणतेसच. मी त्यांना सांगितलं नव्हतं. विसरले असं समज.

त्या धाडकन आवाजाने झोपलेले सगळे जागे झाले आणि बाबा बोलायला उभे राहिले. त्यांनी पहिलं वाक्य स्वागताचं म्हटलं, दुसरं आभाराचं, तिसरं कंपनीच्या भवितव्याचं. आणि थांबले. डावीकडे पाहिलं, तर तिथे प्राध्यापक जमिनीवर चष्मा चाचपत होते. मला वाटलं, संपलं, आता किल्ल्या द्यायच्या.

मग बाबांनी डोळे मिटले आणि त्या मोडक्या खुर्चीच्या दिशेने मान जराशी कलवली, कुणी काही सांगत असल्यासारखी. आणि बोलायला लागले. थांबेचनात.

ते म्हणाले की हातातले हे कागद घासूनपुसून चकचकीत केलेले आहेत, ते बाजूला ठेवा. माझ्या बहिणीला नाटक कंपनीत नवी नवी नोकरी लागली होती. नायिका मरायला टेकली की पडद्यामागून हिचा खोकला साऱ्या थिएटरला ऐकू जायचा. लोक हसायचे. मालकाने सांगितलं की खोकला घालव नाहीतर घरी जा. बाजारातलं औषध घेतलं तर हिला झोप यायची. एकदा ही अशी पेंगली, की नायक मागणी घालता घालता मध्येच अडला आणि पडदा पडेपर्यंत तोंड उघडं ठेवून उभा राहिला. घर हिच्या पगारावर चालायचं आणि माझं शिक्षणही. म्हणून मी तिच्याच पातेल्यांत काढे, पाक, काय काय शिजवत बसलो. पातेली जळाली, तिने घासली. जे शिजेल ते ती प्यायची, हिरवं म्हणू नका, काळं म्हणू नका. एक दिवस खोकला थांबला आणि झोपही आली नाही. तुमच्यापुढे आहे ते औषध हेच. ह्या कंपनीची पार्श्वभूमी विचारत असाल तर ती माझी बहीण आहे, आणि तिलाच मी परवा मंडळाबाहेर काढलं.

एवढं बोलून बाबा मटकन खाली बसले. आत्या, मी ढसाढसा रडले. मला यातलं काही म्हणजे काहीच ठाऊक नव्हतं.

मग डॉक्टरबाई म्हणाल्या की मी दोन चमचे घेतले तेव्हापासून मला एकदाही खोकला आलेला नाही. आणि आमच्या तिघांत प्राध्यापकांचं भाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकणारी मी एकटीच आहे. जागं राहिल्याचं इतकं दुःख मला कधी झालं नव्हतं, पण औषधाला याहून कडक परीक्षा मी तरी घेऊ शकत नाही.

ऑर्डर मिळाली! अट एकच, संचालकांची पानं पुन्हा लिहायची, खरी. काकांचं लिहून झालं. मामांच्या पानावर कबुतराचा उल्लेख आहे. तुझं पान कोरं ठेवलं आहे. राजीनाम्याची काळजी नको. तो बाबांनी मामांकडे सांभाळायला दिला होता, तो आता कुठेच सापडत नाही. आयुष्यात पहिल्यांदाच प्रयोग पुरता यशस्वी झाला, असं मामा म्हणतात.

सोबत बाबांची चिठ्ठी आहे. उशी पाठवत नाही. आहे तो लोभ आणि नाही तो राग, दोन्ही घेऊन ये.

तुझी
चिंगी


(सोबतची चिठ्ठी)

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खुर्चीचा पाय सुताराकडून नवा बसवून घेतला. प्राध्यापकांचा चष्मा भरून दिला. मला एवढंच म्हणायचं होतं की

तुझा
ठोंब्या


घर
२ मार्च

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

"ताई, माझं चुकलं, तू परत ये."

हे पुढचं वाक्य. पाठ करून ठेव. गुरुवारी सकाळी मी दारात उभी राहीन तेव्हा म्हणायचं आहे, आणि नीट म्हण, पुटपुटू नकोस. शिट्टीवाला, कबूतरवाला आणि चिंगी मागे उभे असतील, त्यांच्यापर्यंत गेलं पाहिजे. माझ्या डोळ्यांत पाणी दिसलं तर गुडघा दुखतो आहे असं समजावं.

चिंगीला सांग, माझं पान मीच येऊन भरीन. एक जळकं पातेलं मी अजून टाकलेलं नाही, ते घेऊन येते. समितीला पुरावा हवा असेल तर तो आहे.

आणि ते वाक्य दारात आठवलं नाही तर घाबरू नकोस. मी हळूच सांगेन.

तुझ्यावरचा लोभ शाळेतल्या बाकाखाली होता तितकाच आहे.

तुझी
ताई