घाटकोपरची पत्र्याची खोली

बाबा, आज घाटकोपरला आपल्या खोलीवर जाऊन आले. तुम्ही गेल्यावर ती भाड्याने दिली, हे तुम्हाला कुठून माहीत असणार. एक तरुण जोडपं राहतं तिथे, तान्ही मुलगी आहे त्यांना. भर दुपार होती. पत्र्याखाली पाऊल टाकलं आणि जीव नुसता घाबरा झाला.

तुमचाही त्या पत्र्यावर केवढा राग! गणपती गेले की थर्माकोलचं मखर मोडायचं आणि तुकडे पत्र्याखाली सुतळीने बांधायचे. "ह्यात हवा कोंडलेली आसा गो, ती गरमी खाली येवक देणा नाय," असं तुम्ही आईला समजावताय आणि आई ताटं झाकून घेतेय. म्हणणं खरंच होतं तुमचं, पण तुकडे तापत्या पत्र्याला अगदी भिडवलेले. मे महिन्यात ते आकसले आणि आमटीत पांढरे दाणे पडायला लागले. "प्रसाद म्हणान खावा आता," आई म्हणाली. सगळ्यांत मोठ्याने तुम्हीच हसलात.

माझं बोरिवलीचं घर गच्चीच्या लगेच खाली आहे. गेल्या उन्हाळ्यात स्लॅबखाली ग्लासवूल घालून जिप्समचं छत करून घेतलं. काचेच्या बारीक तंतूंत हवा अडकून राहते, त्यामुळे वरची उष्णता सहज खाली उतरत नाही. म्हणजे तुमचंच शास्त्र. ते छत करणाऱ्या कारागिराला तुमच्या खोलीचंही विचारलं होतं. पत्र्यावर पांढरा रंग दिला तर ऊन बरंचसं परत जातं, आणि खाली पोकळी सोडून चकचकीत फॉइल लावली तर तापल्या पत्र्याची धग अडते. दोन्ही करा, म्हणाला. मी म्हटलं, रंग पुरे, भाड्याचीच तर खोली. आता धुळीने तो रंग काळवंडलाय.

"ताई, पंखा लावला तरी गरमच हवा येते. हिची पाठ बघा ना," बाळाची आई म्हणाली. बाळाची पाठ घामोळ्यांनी लालेलाल झाली होती. आणि मी काय बोलावं? "अगं, आम्ही इथेच लहानाचे मोठे झालो. आम्हाला काय झालं?" बाबा, रात्रपाळी करून आलेले तुम्ही झोपायचं सोडून माझ्या पाठीवर ओला पंचा टाकून पुठ्ठ्याने वारा घालत बसायचात. तेच दिवस मी त्या पोरीच्या तोंडावर फेकले, एका फॉइलचा खर्च टाळायला. बोलता बोलताच लाज वाटली, तरी शब्द मागे घेतले नाहीत.

कारागिराला उद्या तिकडे पाठवते, असं तुम्हाला लिहायचं म्हणून बसले होते. त्याला अजून फोन केलेला नाही. घरी आले, गार वाटलं, आणि आधी झोपले.