झोपलेले कावळे

तीर्थपुरी, गुरुवार, संध्याकाळ

अजून तेच कावळे डोळ्यांपुढे आहेत. सहावीच्या वर्गात लावायच्या गोधडीसाठी मी वाक्प्रचारांची चित्रं काढून शेजारच्या शांताकाकूंना शिवायला दिली होती. नाकानं कांदे सोलणारी बाई त्यांनी अशी टाचली की मी हसतच सुटले. पण ‘पोटात कावळे ओरडणे’ बघून वैतागले. मी चोची वासलेले कावळे काढले होते. काकूंचे कावळे पंखात माना खुपसून झोपलेले!

“काकू, हे उसवावं लागेल. कावळे ओरडायला पाहिजेत.”

काकू सुई ओवता ओवता म्हणाल्या, “पहिल्या दिवशी वरडतेत, बाई. मंग न्हाई वरडत. आम्ही लहान असताना दुष्काळात लई दिवस गपच होते.”

काळ्या चिंधीचे चार तुकडे, आणि काय करून ठेवलं होतं त्यांनी! मी एवढी शिकलेली, मला हे कधी सुचलं असतं का?

उरलेली चित्रं मी पिशवीतून काढलीच नाहीत. पुढचा वाक्प्रचार नुसता वाचून दाखवला. “चित्र तुम्हीच ठरवा,” म्हटलं. काकूंनी चिंध्यांच्या ढिगातून लाल कापड ओढून घेतलं.