रोझामावशीची काजू

शिरोडा, १४ मे १९५८

शेतकी खात्यातल्या आमच्या साहेबांचा काजूवरचा अहवाल छापून आला. चार हंगाम ज्या काजूखाली मी बिया वेचल्या, वजन करून वहीत टिपल्या, तिच्या वाणाला साहेबांनी स्वतःच्या मुलीचं नाव दिलंय. झाड रोझामावशीचं. बुंध्यावरच्या पत्र्याच्या पट्टीवर तिचं नाव मीच खिळ्याने कोरलं होतं, साहेबांच्या देखत. वाणाला हेच नाव देऊ म्हणाले होते. मग? आमच्या मोजणीसाठी तिने चार हंगाम त्या झाडाची एक बी विकली नाही.

संध्याकाळी रोझामावशी कुंपणाशी उभीच होती. "माझा नाव इला मां रे पुस्तकात?"

"इला," म्हटलं.

उद्या पट्टी बदलायची आहे, मलाच. तिला वाचता येत नाही, हे साहेबांना ठाऊक होतं. मलाही.