दोन सातेरी, एक परवाना

॥ श्री ॥

गेर्लिंगेन, ४ मे २०२४

ती. बाबांच्या चरणी अरुंधतीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र परवा मिळालं, तेही हाउसमाइस्टरच्या, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्या गृहस्थांच्या, कृपेने. नव्या घरात येऊन तीन आठवडे झाले, तरी तुमच्या चिरंजीवांनी टपालपेटीवर नावाची पट्टी लावली नव्हती. इथे पेटीवर नाव नाही म्हणजे त्या घरात माणूसच नाही, असं पोस्टमन धरून चालतो. रुपेशचं म्हणणं, पट्टी खाचेपेक्षा अर्धा मिलिमीटर जाड आहे, ती घासावी लागेल. ऑफिसात गाड्यांचे भाग जुळवणारा माणूस घरची पट्टी तीन आठवडे घासतो आहे. शेवटी मी ती चिकटपट्टीने लावली आणि दोन दिवस अबोला सोसला.

आता मुद्द्याचं. स्वानंदीला सहावीच्या वर्गासमोर रेफेराट द्यायचा आहे, म्हणजे पंधरा मिनिटं उभं राहून एका विषयावर बोलायचं. विषय समुद्री चाचे. तुमच्या नातीने हात वर करून सांगितलं की आमच्या घराण्यातले नागेश तांडेल चाचे होते, एक डोळा गेलेला, मचव्यावर तोफ, आणि कंपनी सरकारच्या गस्तीच्या गलबतांना त्यांनी सात वर्षं हुलकावण्या दिल्या. त्यावर मोरित्स नावाचा एक मुलगा म्हणाला की माझे आजोबा चंद्रावर राहतात. सगळा वर्ग हसला. शिक्षिका फ्राउ लिंडनर हसल्या नाहीत, पण क्वेले आण म्हणाल्या, म्हणजे लेखी पुरावा. नाहीतर विषय बदल.

घरी येऊन पोरगी ढसाढसा रडली. मी म्हटलं, विषय बदलू या की. तर जर्मनमध्ये ठणकावून म्हणाली की आजोबा खोटं बोलत नाहीत. बाबा, तुमच्याजवळ काही कागद आहे का? रेफेराट अकरा जुलैला आहे. फोनवर विचारलं असतं, पण तुमचं कानाचं यंत्र शिट्ट्या मारतं आणि तुम्ही सगळ्यालाच हो म्हणता.

ऑगस्टमध्ये तुम्ही दोघं यायचंच आहे. व्हिसाचे कागद मी तयार करते आहे. आईंना शि. सा. न. लोभ आहेच, तो पेटीवर नाव नसतानाही पोचावा ही विनंती.

आपली,
अरुंधती

वेंगुर्ले, १७ मे २०२४

चि. सौ. अरुंधतीस पद्माकरचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पत्र प्रभाने मला मोठ्याने वाचून दाखवलं. मग मी ते स्वतः पुन्हा वाचलं, कारण तिच्या वाचण्यात त्या मोरित्सबद्दल फार सहानुभूती होती.

मला पुरावा मागतात! चौतीस वर्षं मी बंदर खात्यात होड्या नोंदवल्या. नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, पांढऱ्या रंगात आकडा नीट उठला आहे की नाही, हे पाहायला भर उन्हात रेतीतून हिंडलो. स्वानंदीला एवढं समजावून सांग. कंपनीने आपला किनारा घेतला तेव्हा समुद्रावरच्या लुटालुटीला आळा घालायला गस्तीची हत्यारबंद गलबतं ठेवली आणि नोंदणी सुरू केली. मचव्याचं नाव, तांडेल म्हणजे कप्तान कोण, खलाशी किती, हत्यारं किती, हे वहीत लिहायचं आणि परवाना जवळ बाळगायचा. परवाना नाही तो चाचा. आता कालपर्यंत ज्या पाण्यात बापजादे फिरले, तिथे आज कोणी कागद विचारला तर माणूस चिडणारच. नागेश चिडला, पकडला गेला, चार महिने कोठडीत होता. हे आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. कोठडीत गेला म्हणजे दप्तरात नाव असणारच. सरकार माणसाला विसरतं, नोंदीला विसरत नाही.

माझ्या जुन्या सहकाऱ्याचा मुलगा प्रसन्न मुंबईला जुन्या सरकारी दप्तरांच्या कचेरीत आहे. त्याला आजच लिहितो. माझ्या नातीला सांग, पुरावा येतो आहे, मोरित्सने चंद्रावरच्या आजोबांची तयारी ठेवावी.

प्रवासाचं म्हणशील तर प्रभाने तुमच्यासाठी कोकमं वाळत घातली आहेत, तेव्हा यावंच लागणार. जन्मभर इतरांच्या होड्या नोंदवल्या, स्वतः कधी खाडीपलीकडे गेलो नाही, म्हणून थोडी धाकधूक आहे इतकंच. लोभाला परवाना लागत नाही, तरी तो दरसाल नवा करीत जावा.

तुझा,
बाबा

गेर्लिंगेन, २ जून २०२४

ती. बाबांस सा. न. वि. वि.

तुमच्या पत्राने घरात दिवाळी झाली. स्वानंदीने ते चार वेळा वाचायला लावलं आणि पाचव्यांदा स्वतः अक्षर लावून वाचायला बसली. तुम्ही दोन उन्हाळे गिरवून घेतलेली बाराखडी गंजली होती, तिला आता धार येते आहे. बोलते मात्र अजून जर्मनमध्येच. मी मराठीत विचारते, ती 'गेनाऊ', म्हणजे अगदी बरोबर, म्हणते आणि पळते.

रुपेशने पुठ्ठ्याचा मचवा केला आहे. नाळ, डोलकाठी, सुकाणू, सगळं मापात. तोफ बसवायला जागा नाही, बसवली तर मचवा कलंडेल, असं त्याचं गणित सांगतं. बापलेकीचं त्यावरून वाजलं. ती म्हणाली की आजोबा म्हणतात तोफ होती, म्हणजे होती, गणित पुन्हा कर.

टपालपेटीची किल्ली तिने माझ्याकडून काढून घेतली आहे. शाळेतून आली की आधी पेटी, मग दप्तर, मग जेवण. बाबा, खरं सांगते, मला जरा काळजी वाटते. तिने वर्गात पुन्हा सांगितलं आहे की पुरावा निघाला आहे. न मिळाल्यास काय करायचं, ते तुम्हीच सुचवा.

आईंना सांगा, कोकमं थोडी कमी, लाडू थोडे जास्त. आमच्यावरची माया अशीच विमानातल्या सामानाच्या वजनात न धरता यावी.

आपली,
अरुंधती

वेंगुर्ले, १९ जून २०२४

चि. सौ. अरुंधतीस आशीर्वाद.

हे पत्र तू एकटीने वाच. स्वानंदीच्या हाती देऊ नकोस.

प्रसन्नने दप्तरातल्या नोंदीची आणि नागेशच्या जबानीची प्रत आणि तिचा मराठी तर्जुमा पाठवला. दोन्ही सोबत जोडले आहेत. नागेश तांडेल सापडला. पण तो चाचा नव्हता.

आपल्याकडे नवा मचवा बांधला की जुन्याची एक फळी काढून त्यात बसवतात आणि नावही तेच देतात, हे तुला रुपेशने सांगितलं असेल. फळी गेली की मचव्यातली देवी, आमची सातेरी, गेली, मग जुना मचवा मोडायचा. नागेशने नवी 'सातेरी' बांधली, फळी बसवली, पण ज्या मचव्यावर त्याचा बाप वारला तो मोडायला त्याचा हात धजला नाही. त्याने तो मेव्हण्याला दिला, नावासकट. नोंदणीच्या वेळी दोघांनी मिळून एकच परवाना घेतला आणि नक्कल करून दोघे वापरू लागले. त्यांच्या लेखी सातेरी एकच होती. पुढे एका गस्तीच्या गलबताने सातेरी मालवणला पाहिली आणि त्याच दिवशी दुसऱ्याने ती वेंगुर्ल्याला पाहिली. मग काय, खोटा परवाना, म्हणजे चाचे. मचव्यावर माल काय होता? नारळ आणि सुके बांगडे. तोफ नव्हती, डोळे दोन्ही होते.

चार महिन्यांनी त्याला सोडलं, आणि दंड म्हणून बंदरातल्या प्रत्येक होडीवर आकडे रंगवायला लावलं. म्हणजे मी चौतीस वर्षं जे केलं, तेच. चाचा शोधायला गेलो आणि माझ्याच खात्यातला कारकून निघाला. प्रभा पोट धरून हसली. मला हसू आलं नाही.

मला वडिलांनी फक्त कोठडी सांगितली होती. सात वर्षं मी घातली, डोळा मी काढला, तोफ मी चढवली. पोरगी लहान होती, जेवत नव्हती, एकेका घासाला मी एकेक गोष्ट वाढवत गेलो. आता ती वर्गासमोर उभी राहणार आणि मी खोटारडा ठरणार. तिला सांग, कागद सापडला नाही. आणि ऑगस्टचं राहू दे. कोणत्या तोंडाने तिच्यासमोर बसू? माझे गुडघे दुखतात असं कळव, ते खोटं नाही.

राग धरू नये. लोभ उरला असेल तर ठेवावा.

बाबा

गेर्लिंगेन, १३ जुलै २०२४

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

तुमची सूचना पोचायला उशीर झाला. किल्ली कोणाकडे आहे हे तुम्ही विसरलात. पाकीट जाड दिसल्यावर स्वानंदीने ते जिन्यातच फोडलं. मी ऑफिसातून आले तेव्हा ती पायरीवर बसून बोट ठेवून वाचत होती, आणि 'एकटीने वाच' हे शब्द तिने सगळ्यात आधी लावले होते.

दोन दिवस तिने पुठ्ठ्याच्या मचव्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जेवताना एकदा विचारलं की तोफसुद्धा नव्हती का. मी म्हटलं, नव्हती. मग उठून गेली. मला वाटलं, विषय बदलणार. तिसऱ्या दिवशी बापाला म्हणाली की अजून एक मचवा कर, अगदी तसाच. पहिल्या मचव्याची एक पट्टी तिने स्वतः काढली आणि दुसऱ्यात बसवली. दोन्हींवर नाव लिहिलं, सातेरी.

रेफेराटला पालकांना बोलावलं होतं. तिने एक मचवा खिडकीत ठेवला, एक दारात, आणि मोरित्सला गस्तीचा कप्तान केलं. हातात एक परवाना देऊन म्हणाली, चाचा पकड. मोरित्सने दोन्ही मचवे पाहिले, कागद पाहिला आणि नागेशला लगेच अटक केली. सगळे टाळ्या वाजवायला लागले. मग तिने नागेशची जबानी वाचून दाखवली, जर्मनमध्ये, की जुना मोडायला माझा हात धजला नाही. मोरित्सने हात वर करून विचारलं की आता त्यांना सोडता येईल का. फ्राउ लिंडनर मला म्हणाल्या की मुलं नेहमी स्वतःच्या बाजूचा पुरावा आणतात, हिने उलटा आणला. माझे डोळे भरून आले, ते मी रुपेशच्या बाहीला पुसले.

बाकी तिचं तिने लिहिलं आहे. मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ पाहिले. गुडघ्यांचं औषध इथेही मिळतं. लोभाची नोंद पक्की आहे, खाडाखोड करू नये.

आपली,
अरुंधती

ती. आजोबांना स्वानंदीचा नमस्कार.

हे माझं पहिलं मराठी पत्र आहे. दोन दिवस लागले.

मी खूप रागावले होते. तोफ मला आवडायची. पण नागेश आजोबांना जुनी होडी मोडवली नाही. तुम्हाला जुनी गोष्ट मोडवली नाही. ते एकच आहे. म्हणून मी आता रागावलेली नाही. एक डोळा मात्र परत लावा, तो मला स्वप्नात दिसायचा.

मोरित्सला तुम्हाला भेटायचं आहे. त्याचे आजोबा चंद्रावर नाहीत, हाइलब्रोनला आहेत.

मी आमच्या पेटीवर तुमचं नाव लावलं. पांढऱ्या रंगात. खाली लिहिलं क्रमांक एक. हाउसमाइस्टर म्हणाले, पेटीवर नाव असेल तर माणूस आत असला पाहिजे. मी त्यांना सांगितलं की ऑगस्टमध्ये असेल. आता तुम्ही आला नाहीत तर ती नोंद खोटी होईल, आणि खोट्या नोंदीवाल्याला काय म्हणतात ते तुम्हीच मला शिकवलं आहे.

आजीला पापा. वाट पाहते.

तुमची,
स्वानंदी