उसना आवाज

सोमवार, ४ मार्च

प्रिय भोंगू,

अनेक आशीर्वाद. तू मजेत असशील असं धरूनच चालते. नसतीस तर पहाटे पाचला तलावावर जाऊन लोकांच्या पोरांना पाण्यात ढकलायची ताकद तुला कुठून आली असती? भाचीचा खोकला थांबला का? तिला सांग, मावशी म्हणते डोकं पुसून झोपत जा. फोनवर तुझ्यामागे सतत शिट्ट्या आणि छपछप, धड एक वाक्य पुरं होत नाही. त्यापेक्षा आपलं पत्र बरं.

इथे सगळं ठीक. दुकानाच्या मागच्या भिंतीला ओल आलीय आणि त्या भिंतीवर टांगलेल्या चार गिटारींच्या माना वाकल्या. घरमालक म्हणतो, ओल नाही, तुमचा भास आहे. मी त्याला एक गिटार हातात देऊन म्हटलं, वाजवा, भास कसा वाजतो बघा. परवा प्लंबर आला.

आता मुख्य बातमी. तुझी ताई रेडिओवर बोलली! शनिवारी रेकॉर्डिंग झालं, येत्या रविवारी सकाळी अकराला लागेल. विषय काय, तर ग्रंज रॉकवाला तो सुप्रसिद्ध बँड, आपले फाटक्या जीन्सवाले, त्यांच्या संगीताचा प्रभाव आहे तेवढाच सांगितला जातो की फुगवून सांगितला जातो? मला 'फुगवून'च्या बाजूने बोलावलं होतं. दुसरी बाजू मला दिली असती तर मी गेलेच नसते.

आणि मी काय बोलले सांगू! निवेदिका बघतच राहिली. म्हटलं, कडवं हळू आणि धृपद कानठळ्या बसतील असं, ही युक्ती त्यांच्या आधी दुसऱ्यांनी केली होती आणि ते स्वतःच तसं सांगायचे. मग त्यांचं काय उरलं? सदरे. आजही माझ्या दुकानात त्यांचं चित्र छातीवर घेऊन पोरं येतात. मी विचारते, त्यांची गाणी किती येतात? एक. तेही सुरुवातीचे चार स्वर. त्यांच्यासारखा जाड आवाज हवा म्हणून तारा सैल करून घेऊन जातात आणि तीन महिन्यांनी गिटार विकायला आणतात. तीस वर्षं लोकांच्या गिटारी उघडून बघतेय मी. कुठल्या संगीताने माणसाला वाजवायला लावलं आणि कुठल्याने नुसतं आरशासमोर उभं केलं, हे मला तारांखालची, बोटं टेकतात ती पट्टी बघून कळतं. झिजलेली पट्टी खोटं बोलत नाही.

समोर कोण होता माहितेय? आपला तो ध्वनिमुद्रक. टायरच्या दुकानावर ज्याचा स्टुडिओ होता, जिथे आपण तिघांनी, तू, मी आणि मामाच्या ढब्बूने, तीन गाणी रेकॉर्ड केली होती. फार म्हातारा झालाय. कानात मशीन, हातात काठी. काहीबाही आठवतं त्याला आणि काहीबाही बोलतो. ऐकलंस तर फार मनावर घेऊ नकोस. मीही ओघात एक-दोन उदाहरणं दिली, नावं अर्थातच घेतली नाहीत.

रविवारी तुमच्या पोहण्याच्या स्पर्धा असतीलच ना? मग राहू दे, नाही ऐकलंस तरी चालेल. मी तुला सगळं सांगितलंच आहे.

नेहमीप्रमाणे बरोबर असलेली,
ताई


बुधवार, ६ मार्च

भोंगू,

सोमवारचं पत्र पेटीत टाकून परत आले, एका गिटारीची खुंटी बदलायला घेतली आणि दोनदा चुकीच्या बाजूला बसवली. माझ्या हातून असं होत नाही. म्हणून हे दुसरं पत्र. कुरियरने पाठवतेय, उद्या दुपारी तुझ्या हातात पडेल. पहिलं आधी आलं असेल तर त्यातलं रेडिओचं निम्मं खरं धर. निम्मं मी सांगितलंच नाही.

मी फोन का केला नाही ते आधी सांगते. फोनवर मी तुला बोलूच दिलं नसतं. प्रश्न मी विचारला असता आणि तुझ्या वतीने उत्तरही मीच देऊन टाकलं असतं. ही माझी जुनी खोड आहे आणि हे पत्र तिच्याबद्दलच आहे.

रेकॉर्डिंगला निवेदिकेने मला विचारलं, "या बँडमुळे नुकसान झालं असं म्हणता, तर एखादं उदाहरण द्याल?" मी द्यायला नको होतं. पण माझी गाडी उताराला लागली होती. मी म्हटलं, "माझ्या ओळखीत एक मुलगी होती. गळा चांगला होता. पण त्या बँडच्या नादी लागली, त्यांच्या गायकासारखा घसा खरवडत राहिली. नक्कल करता करता संपली."

म्हाताऱ्याने काठी टेबलाला टेकवून ठेवली. म्हणाला, "ती तुमची बहीणच ना?"

मी समोरचा माइक सारखा केला.

"ती नक्कल नव्हती," तो म्हणाला. "त्या बँडची दोन गाणी तिने म्हटली, ती बरी होती. तिसरं तिचं स्वतःचं होतं. त्यासाठी मी तिला परत बोलावलं होतं. मी स्वतः तुमच्या वडिलांच्या कारखान्यात आलो होतो. तुम्ही मला म्हणालात, तिला रस नाही."

त्याला सगळं नीट आठवत होतं. काहीबाही आठवतं असं मी लिहिलं ते माझ्या सोयीचं होतं.

आता झालं ते सांगते. तू एकोणीसची होतीस, मी चोवीसची. रेकॉर्डिंग होऊन आठवडा झाला होता. तू परीक्षेला गेली होतीस. बाबा माल द्यायला बाहेर गेले होते. मी एका कोचाला रेक्झीन ठोकत होते, तोंडात बारीक खिळे धरलेले. हा माणूस दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "तुमच्या बहिणीचं ते गाणं परत करू या. तिचं एकटीचं. साथीला माझी माणसं असतील. गुरुवारी पाठवा."

मी तोंडातले खिळे हातावर काढले आणि विचारलं, "आणि आम्ही?"

तो म्हणाला, "तुम्ही नीट वाजवता."

नीट. पाच वर्षं मी बोटांची सालं काढली होती, भोंगू. कारखान्यात फोमच्या गठ्ठ्यांमध्ये बसून रोज दोन तास. तुला गाण्यात ओढलं मी, बँड काढला मी, ढब्बूला ढोल घ्यायला लावले मी. आणि मी नीट वाजवत होते. मी त्याला म्हटलं, "तिला रस नाही. तिची परीक्षा आहे." तो मान हलवून गेला.

एवढ्यावर थांबले असते तर निदान एकच गुन्हा झाला असता. संध्याकाळी तू आलीस. दप्तरही खाली ठेवलं नव्हतंस, विचारलंस, "स्टुडिओवाला आला होता म्हणे, काय म्हणाला?" ढब्बूने सांगितलं असणार. मला पटकन काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "म्हणाला, नक्कल आहे. त्या बँडची नक्कल. आवाज उसना आहे."

तू एवढंच म्हणालीस, "अच्छा." मग आत गेलीस आणि जेवायला आलीस तेव्हा परीक्षेच्या पेपराबद्दल बोलत होतीस. पुढच्या सरावाला घसा दुखतो म्हणालीस. त्याच्या पुढच्यालाही. महिन्याभराने ढब्बूने ढोल विकले. पोहायला शिकवण्याची नोकरी तू घेतलीस तेव्हा बाबांना वाटलं, पोरीला पाण्याची आवड आहे.

त्यानंतर आपलं काही बिघडलं नाही. तुझ्या लग्नात मी राबले, माझ्या ऑपरेशनच्या वेळी तू दोन आठवडे येऊन राहिलीस. तो बँड फालतू आहे, त्याने पोरांचे गळे बिघडवले, हे मात्र मी तीस वर्षं जो भेटेल त्याला सांगत आले. इतक्या वेळा सांगितलं की तुझं गाणं त्यांनीच बंद पाडलं असं मलाही वाटायला लागलं.

स्टुडिओबाहेर मी निवेदिकेला विचारलं, "तेवढं कापता येईल का?" ती म्हणाली, "शुक्रवारपर्यंत कळवा." मी फोन करून 'कापा' म्हणणार होते. नंतर 'ठेवा' म्हणायचं ठरवलं आणि स्वतःवरच खूश झाले. मग लक्षात आलं, हेही मीच ठरवतेय. तिचा नंबर पत्राच्या मागे लिहिला आहे. ठेवायचं की कापायचं, तू सांग. मी तिला कळवून ठेवलंय की याबाबतीत माझं ऐकायचं नाही.

तुझं उत्तर जिने तुझ्याऐवजी देऊन टाकलं, ती,
ताई


गुरुवार, २१ मार्च

प्रिय भोंगू,

तू म्हणालीस, तोंडी नको, लिहून दे. म्हणून लिहितेय.

कार्यक्रम अख्खा लागला. एक शब्द कापला नव्हता, म्हणजे तू तसं सांगितलंस. मी दुकानात एकटीच ऐकला. नंतरचे नऊ दिवस तुझा फोन नाही, पत्र नाही. मी लोकांच्या गिटारी दुरुस्त केल्या, बिलं दिली, प्लंबरशी भांडले. मंगळवारी दुपारी दार वाजलं. मला वाटलं गिऱ्हाईक. तू होतीस, केस अजून ओले.

तू बसली नाहीस. म्हणालीस, "निरोप दाबलास ते मी एक वेळ समजू शकते. चोवीस वर्षांची होतीस, जळलीस. पण 'उसना' हा शब्द तुझा होता. मी तो तीस वर्षं घेऊन फिरतेय. पोरीला झोपवताना गुणगुणायला लागले तरी वाटायचं, हे कुणाचं तरी आहे."

मी म्हटलं, "भोंगू, मी..."

"मध्ये बोलू नकोस." मग तू म्हणालीस, "रेडिओवर तुम्ही दोघं भांडत होता, त्या बँडचा प्रभाव किती टिकला म्हणून. माझ्यावर त्यांचा नाही टिकला, ताई. तुझा टिकला."

मी हातातली गिटार खाली ठेवली.

दारातून निघताना तू विचारलंस, "तेव्हा खरं काय वाटलं होतं तुला? माझा आवाज ऐकून. खरं सांग. लिहून दे, म्हणजे तुला फिरवता येणार नाही."

खरं हे.

त्यांची दोन गाणी तू म्हटलीस तेव्हा मला काही वाटलं नाही. बरी म्हटलीस. घसा थोडा ओढत होतीस, आणि तेवढ्यापुरती ती नक्कल होतीच. वयाला शोभेल इतकी. मग तू तुझं गाणं सुरू केलंस. पहिल्या ओळीला नेहमीसारखी होतीस. दुसऱ्या ओळीत तू घसा ओढायची थांबलीस. आवाज एकदम साधा झाला, बोलल्यासारखा, आणि तरी खोली भरून गेली. तू जोर लावतच नव्हतीस. एखादा माणूस तुमच्याकडे न बघता तुमच्याबद्दलच बोलतोय असं वाटत होतं. मी दोन मात्रा वाजवायचंच विसरले. त्या रेकॉर्डिंगमध्ये गिटार मध्येच गायब होते ना, ढब्बू त्यावरून मला चिडवायचा, ती वायर सुटली नव्हती. मी ऐकत होते.

असा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. त्या बँडचा नव्हता, आणखी कुणाचाही नव्हता. मला तेव्हाच, तिथेच कळलं की तुझ्याकडे जे आहे ते सरावाने येत नाही आणि मला ते कधीच येणार नाही. आनंद झाला नाही, राग आला. आठवड्याने तो माणूस कारखान्यात आला तेव्हा त्याने मला काही नवीन सांगितलं नाही. त्याला दिसलं ते मला आधीच दिसलं होतं. म्हणूनच मी इतक्या पटकन खोटं बोलू शकले.

म्हाताऱ्याला मी भेटून आले. माफी मागितली. तो म्हणाला, "माझी मागू नका." त्याचंही एक खरं निघालं. कार्यक्रमात तो म्हणत होता, एखाद्याला तोंड उघडायचा धीर देणं हाही प्रभावच. त्यांच्या गाण्यांनी तुला तो धीर दिला होता, हे मला मान्य करावं लागतंय. बाकी त्या बँडबद्दलचं माझं मत आहे तेच आहे आणि त्यावर मी तुझ्याशीसुद्धा भांडायला तयार आहे. फक्त त्या भांडणात आता तुझं नाव नसेल.

मला माफ कर असं लिहीत नाही. लिहिलं तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तुझ्याकडून उत्तर काढून घ्यायचं मी आता थांबवलंय. यायचं असेल तेव्हा ये, यायचं नसेल तर येऊ नकोस. भाचीला हे सांगायचं की नाही तेही तूच बघ. गाणं, न गाणं, हे तर तुझंच.

तू बोलशील तेव्हा मध्ये न बोलणारी,
ताई