प्रिय पोट, आम्हाला तुमची आठवण येते

२ मार्च, सकाळी १०.१५
व्यायामाच्या स्टुडिओच्या काउंटरवर बसून लिहितोय. आपल्या 'दमसाथ' सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. एकदम चौदा फीचर्स! फोनने काळी-पांढरी चौकट स्कॅन करून हजेरी, गैरहजर सभासदाला आपोआप मेसेज, डुप्लिकेट शोधक, फोनने उघडणारं दार, शिवाय कोण सोडून जाणार ते आधीच सांगणारा धोका-मीटर. कंपनीने विचारलं होतं, एकेक करून चालू करायची का. मी काय आजचा आहे? चौदाच्या चौदा चालू केली.

३० तारखेला सकाळी आठला कंपनीचं ऑनलाइन संमेलन आहे. ज्याच्या स्टुडिओची हजेरी नव्वद टक्क्यांच्या वर, तो 'आदर्श मालक' म्हणून पाच मिनिटं बोलणार. भाषणाचं पहिलं वाक्य आत्ताच सुचलंय: मित्रहो, घाम गाळावा लागतो.

उद्यापासून सातच्या बॅचला स्वतःही व्यायाम. नक्की.

३ मार्च
व्यायाम नाही. सभासदांची यादी कॉम्प्युटरमध्ये भरायची होती आणि ते काम बसूनच होतं.

यादी घेतली कोचच्या पांढऱ्या फळ्यावरून. स्टुडिओ उघडला तेव्हापासून सातची बॅच तिच्याकडे. बाई कामाला वाघ, पण तिला नावं लक्षात राहत नाहीत, दुखणी राहतात. त्यामुळे फळ्यावर ओळीने पोट, डावा गुडघा, उजवा गुडघा, कंबर, खांदा, मान, टाच, असे बारा जण. सातच्या ठोक्याला ती हाका मारते, ज्याचं जे दुखतं तो हात वर करतो, ती मार्करने टिक करते. हे काय चाललंय? पण बदल हळूहळू करावेत. यादी आहे तशी उतरवली.

फोन नंबर कोचच्या फोनमधून घेतले. तिथेही हीच नावं. एकट्या पोटाचा नंबर नव्हता. विचारलं तर म्हणाली, तुमच्याकडे असेल. माझ्याकडे कसा असेल? रकाना रिकामा ठेवता येत नाही, म्हणून तात्पुरता माझाच टाकला.

५ मार्च
व्यायाम नाही. आदल्या दिवशी नीट जेवलो नव्हतो. (मग रात्री दोनदा जेवलो.)

एक गंभीर गोष्ट सापडली. फळ्यावर सगळ्यांच्या पुढे टिकांची रांग, पोटापुढे एकही टिक नाही! यादीत पहिलं नाव, म्हणजे सर्वांत जुना सभासद, आणि आठ महिन्यांत एकदाही आलेला नाही. असल्या माणसांमुळे देश मागे राहतो.

घरी सासूबाईंना विचारलं. त्या आमच्याकडेच असतात आणि सातच्या बॅचला जातात (मान). म्हटलं, हा पोट कोण? त्या इतक्या हसल्या की मानेला हात लावून खाली बसल्या. वय झालं की माणूस कशालाही हसतो.

६ मार्च
बॅचमधलं कोणी स्कॅन करत नाही. डावा गुडघा म्हणजे निवृत्त पोस्टमन. ते म्हणाले, कागद आणा, सही करतो, असल्या चौकटीचा काय भरवसा? कोच म्हणाली, माणसं समोर उभी आहेत, मला दिसतायत. मी समजावलं की तुम्हाला दिसतात, सिस्टीमला दिसत नाहीत. ती म्हणाली, मग सिस्टीमला चष्मा लावा.

नवं काही आलं की लोक असेच वागतात. मी मनावर घेत नाही. (घेतलं. दुपारी झोप लागली नाही.)

स्कॅन करणारा एकच जण, संध्याकाळी येणारा कॉलेजकुमार. येतो, स्कॅन करतो, कूलरचं गार पाणी पितो, जातो. हजेरी शंभर टक्के. धोका-मीटर शून्य. याला म्हणतात शिस्त. त्याचं नाव मी पाणीवाला ठेवलंय.

९ मार्च, रात्री
आपोआप मेसेज सुरू! सगळी बॅच कोपरांवर तोलून, अंग ताठ करून आडवी होती आणि अकरा फोन एकदम वाजले. "प्रिय कंबर, तुम्ही सात दिवस दिसला नाहीत. आम्हाला तुमची आठवण येते." कंबर माझ्यापासून तीन फुटांवर होत्या. त्यांनी फोन बघितला, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, मी मेले की काय? तोल गेला. त्यांच्यामागोमाग अख्खी रांग.

मलाही मेसेज आला, "प्रिय पोट, तुम्ही सात दिवस दिसला नाहीत." म्हणजे मालकाला नमुन्याची प्रत पाठवायचीही सोय आहे. कंपनीने काय बारीक विचार केलाय! बायकोला दाखवला. ती शाळेत विज्ञान शिकवते, तिला अशा गोष्टी कळतात. म्हणाली, छान आहे, अगदी जिव्हाळ्याने लिहिलाय.

व्यायाम उद्या. आज मेसेजची पाहणी होती.

११ मार्च
डुप्लिकेट शोधकाने पहिली शिकार केली. डावा गुडघा आणि उजवा गुडघा हे एकच सभासद आहेत असं त्याच्या लक्षात आलं आणि त्याने दोघांचं खातं एक केलं. आता पोस्टमनकाकांना उजव्या गुडघ्याचे व्यायाम जातात, आणि उजवा गुडघा म्हणजे निवृत्त फोटोग्राफर, त्यांना आज पोस्टमनकाकांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा गेल्या. या दोघांत पंखा किती वर ठेवायचा यावरून पाच महिने अबोला आहे.

१२ मार्च
अबोला मिटला! दोघं हातात हात घालून काउंटरवर आले आणि एका सुरात माझी खरडपट्टी काढली. भाषणासाठी टिपून ठेवलं: हे सॉफ्टवेअर माणसं जोडतं.

कोचने मात्र कॉम्प्युटरचा व्यायाम-तक्ता चुरगाळून टोपलीत टाकला. म्हणाली, पोस्टमनकाकांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, या कागदावर त्यांना उड्या लिहिल्यात, काही झालं तर तुमचं मशीन येणार का उचलायला? उत्तर तयार होतं, पण मी बोललो नाही. मोठेपणा आपल्याकडे असावा.

१४ मार्च
नवं दार बसवलं. आता फोन हीच चावी. जुनं कुलूप भंगारवाल्याला देऊन टाकलं. तो म्हणाला, साहेब, चांगलं आहे हो, ठेवा. भंगारवाल्याने मला सल्ला द्यायचा!

१६ मार्च, सकाळी ९
सविस्तर लिहितो, कारण पुढे लोक विपर्यास करतील.

चौदा दिवस स्कॅन नाही म्हणून आज बॅचची सगळी खाती गोठली. नियम म्हणजे नियम. कोचच्या फोनने दार उघडलं, ती आत गेली. तिच्यामागून कंबर शिरायला गेल्या तर भोंगा वाजला. एका स्कॅनला एकच माणूस. खालच्या मजल्यावरचा शिंपी हातात कात्री घेऊन धावत वर आला, त्याला वाटलं आग लागली. अकरा माणसं जिन्यात, त्यात सासूबाई. मी काचेतून खूण केली, थांबा, कंपनीच्या सपोर्टला लिहितो.

कोच एक मिनिट आत उभी राहिली. मग भिंतीवरचा फळा उतरवला, काखेत मारला आणि बाहेर पडली. जाताना फोनमधली दाराची चावी माझ्यासमोर पुसून टाकली आणि म्हणाली, माझ्या माणसांना जे दार उघडत नाही, ते मलाही नको. सगळे तिच्यामागे जिना उतरून समोरच्या मैदानात गेले.

उद्या येतील परत. मैदानात पंखा नाही.

१७ मार्च
आले नाहीत.

१८ मार्च
आले नाहीत. मैदानात वारा असतो म्हणे.

१९ मार्च
आनंदाची बातमी. गोठलेले सभासद हजेरीत धरत नाहीत! आता हिशेबात दोघंच, पाणीवाला आणि पोट. पाणीवाला शंभर टक्के, पोट शून्य. सरासरी पन्नास. एकटा पोट मला आदर्श मालक होऊ देत नाही.

सपोर्टला लिहिलं, हा चौदा दिवसांत गोठला कसा नाही? उत्तर आलं, या नंबरवरून रोज दार उघडलं जातं, त्यामुळे शेरा आहे: 'नियमित येतो, व्यायाम करत नाही.' वाचून अंगाची लाही झाली. रोज माझ्याच दारातून येतो, आणि मला दिसत नाही? किती निर्ढावलेला माणूस!

त्याला स्वतःच्या हाताने कडक मेसेज लिहिला: "प्रिय पोट, जरा तरी लाज बाळगा." लगेच मलाही प्रत आली. वाचताना जरा लागलं. शब्द चांगले जमलेत.

२३ मार्च
घरात कोणी बोलत नाही, म्हणून मीच विषय काढला. तेव्हा कळलं की एक तारखेपासून बॅचला शाळेचा हॉल मिळतोय. कोणती शाळा? बायकोची. कोणी मिळवून दिला? बायकोने! मी विचारलं, तू कोणाच्या बाजूची? ती म्हणाली, आईच्या मानेच्या. मग म्हणाली, लोक तुझ्याकडे मशीनसाठी येत नव्हते, कोच हाक मारायची म्हणून येत होते. एकदा हॉलमध्ये गेले की परत येणार नाहीत. एकतीसपर्यंत काय ते कर.

मी म्हटलं, तीसला भाषण होऊ दे, मग सगळे आपणहून येतील. ती ताट उचलून आत गेली.

२५ मार्च, सकाळी ७.१०
स्टुडिओत एकटाच. सतरंज्या गुंडाळलेल्या. भिंतीवर फळ्याच्या जागी पांढरा चौकोन राहिलाय. खिडकीतून मैदानातली कोच मोजताना ऐकू येते, सहा, सात, आठ, कंबर खाली जाऊ देऊ नका. कोणीतरी हसलं. पोस्टमनकाका असावेत.

गलबलून आलं. खरंच आलं. इथे दुसरं कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. खाली जाऊन सांगावं का, या परत? पण भाषणाचं काय? खिडकी लावून घेतली. धूळ येते.

२८ मार्च, संध्याकाळी ६
निर्णय घेतला. पोटाचं सभासदत्व कायमचं रद्द केलं. कॉम्प्युटरने तीनदा विचारलं, नक्की? तीनदा ठणकावून हो म्हटलं. हजेरी तत्काळ शंभर टक्के! दहा मिनिटांत कंपनीची मेल आली: अभिनंदन, आदर्श मालक. पाणीवाल्याला सांगितलं. त्याने पाणी संपवलं आणि म्हणाला, कूलरमध्ये गार कमी येतंय.

३० मार्च, दुपारी. झोपून लिहितोय.
काल रविवार, स्टुडिओ बंद. आज सहाला उठलो. (आयुष्यात पहिल्यांदा.) इस्त्रीचा शर्ट. पावणेसातला दारात. फोन लावला तर लाल दिवा. पुन्हा लावला, पुन्हा लाल. मग मेसेज आला: "प्रिय पोट, तुमचं सभासदत्व मालकाने कायमचं रद्द केलं आहे."

सपोर्टला लिहिलं, मी मालक आहे. आपोआप उत्तर आलं, हा नंबर पोट यांचा आहे, मालकाने काउंटरवरच्या कॉम्प्युटरवरून खातं परत चालू करावं. काउंटर काचेतून दिसत होता, कॉम्प्युटरही. फोनवरून संमेलनात शिरायला गेलो. तिथेही पोट, तिथेही रद्द. दार उघडू शकणारा जगात एकच माणूस, तो संध्याकाळी सहाला पाणी प्यायला येणार.

जिन्यात बसलो. सात वाजले. मैदानातून कोचचा आवाज आला. पहिली हाक: पोट!

मग ती थांबली. थोड्या वेळाने, डावा गुडघा! हजर. उजवा गुडघा! हजर.

मी फोनवरचा मेसेज पुन्हा वाचला. माझा नंबर. माझं दार. नियमित येतो, व्यायाम करत नाही. मग आठवलं. उद्घाटनाच्या दिवशी मीच कोचला म्हणालो होतो, सोमवारपासून मीही येणार, पहिलं नाव माझं लिहा.

खाली गेलो. रस्ता ओलांडला. अकरा जण वळून बघायला लागले. मी काही बोलायच्या आत सासूबाई कोचला म्हणाल्या, पुन्हा एकदा घ्या हो पहिल्यापासून. कोचने फळा सरळ धरला आणि म्हणाली, पोट.

मी हात वर केला. तिने टिक केली. कळलं ते असं की गेले आठ महिने रोज पहिली हाक माझीच होती, आणि ती रोज थोडं थांबायची. मी काउंटरवर असायचो, स्क्रीनकडे बघत.

आठ वाजता संमेलन सुरू झालं असेल. मी इस्त्रीच्या शर्टात गवतावर पालथा होतो आणि घाम नाकावरून टपटप गळत होता. पोस्टमनकाका शेजारून म्हणाले, अजून दोनच. खोटं बोलले. सहा होते.

शेवटी सगळ्यांसमोर म्हटलं, चुकलं माझं, परत या. कोचने विचारलं, दार?

३१ मार्च, सकाळी ९
काल संध्याकाळी पाणीवाल्याने दार उघडलं. भंगारवाल्याने कुलूप विकलं नव्हतं. म्हणाला, वाटलंच होतं. दारावर बसवलं. उद्या बॅच वर येणार, शाळेच्या हॉलला बायकोने नकार कळवला. चौदापैकी चौदा फीचर्स बंद. फळा जागेवर.

खोकलो तरी दुखतं. आज विश्रांती घ्यावी म्हणत होतो, पण सासूबाई पावणेसातला खोलीच्या दारात येऊन उभ्याच राहिल्या. गेलो. पोटापुढे आता दोन टिका.

कोचला एकच विनंती केली. आता मी नियमित येतोय, तर मालक या नात्याने फळ्यावरचं नाव तेवढं बदला. पुसट झालेल्या टिका गडद करत ती म्हणाली, त्याला काही करावं लागत नाही, पोट गेलं की नाव आपोआप जाईल.